हाकेच्या अंतरावरची समुद्रसफर

आमच्या कुटुंबाची पहिली कॅरिबियन क्रूझ ही चैन नव्हती, ती एक धार्मिक निकड होती, हे सुरुवातीलाच नमूद करणे मला आवश्यक वाटते. मी सेंट ऑरेल बेटाच्या पर्यटन खात्यात, तक्रार निवारण विभागात वरिष्ठ कारकून आहे. गोष्टी सुरुवातीलाच नमूद केल्या की पुढे त्या कोणी वाचत नाही, असा माझा अनुभव आहे.

झाले असे, की लग्नाला बरीच वर्षे उलटल्यावर, म्हणजे शेजारणींनी चौकशी करायचेही सोडून दिल्यावर, मला आणि माझ्या बायकोला, व्हर्नाला, मुलगी झाली. नाव ठेवले ओदीलिया. आता बाप्तिस्मा उरकावा म्हणून मी फादरांकडे निघालो, तर तांती फिलो दारात आडवी. तांती माझ्या आईची थोरली बहीण. मला तिनेच वाढवले आणि आजही ती मला वाढवतेच आहे.

"आधी पाय," तांती म्हणाली.

आमच्या गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे पाय आधी आन्स गालेच्या पाण्यात बुडवतात, मग चर्च. माझे बुडवले होते, माझ्या बापाचे बुडवले होते. ज्या एका चुलत्याचे बुडवायचे राहिले, तो पुढे विमा एजंट झाला. तांतीला धोका पत्करायचा नव्हता. शिवाय तिचे वय झाले होते, आणि या घरातल्या शेवटच्या बाळाचे पाय आपल्या हाताने बुडवल्याशिवाय मी काही डोळे मिटणार नाही, असे तिने फादरांना रीतसर कळवले होते.

आन्स गाले ही खाडी आमच्या स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तांती अंगणात शेळीला शिव्या घालते तेव्हा खाडीवरचे पाहुणे वळून बघतात. मध्ये अडचण एवढीच, की सरकारने ती खाडी एका जहाज कंपनीला भाड्याने दिली असून तिथे कुंपण आहे. कुंपणाला फाटक आहे आणि फाटकावर कथबर्ट आहे. कथबर्ट हा व्हर्नाचा सख्खा भाऊ, आणि ओदीलियाचा नियोजित धर्मपिता.

"पास?" कथबर्टने विचारले.

"कसला पास रे? पोरीचे पाय बुडवायचेत," तांती म्हणाली. "तू हिचा धर्मपिता ना?"

"तो मी रविवारी. आज मी सुरक्षा."

"मुडद्या, तुझे पाय मीच बुडवले होते याच पाण्यात! भोकाड पसरून गाव डोक्यावर घेतलं होतंस."

"तेव्हा सुरक्षा नव्हती ना, तांती," कथबर्ट हळवा होऊन म्हणाला.

तांतीने तडजोड म्हणून बाटलीभर पाणी मागितले. कथबर्टने सांगितले, की कर्मचाऱ्यांना पाण्याला हात लावता येत नाही आणि कंपनीचे पाणी फाटकाबाहेर जात नाही. भरती-ओहोटीचे काय, असे मी विचारले. ते वरिष्ठांच्या अखत्यारीत येते, असे तो म्हणाला.

मी सरकारी माणूस. कुठे जायचे ते मला ठाऊक होते. किनारपट्टी विभागाचे साहेब माझ्या ओळखीचे निघाले आणि त्यांनी मला खुर्चीसुद्धा दिली.

"इग्नेशियस, तू उगाच घाबरलास," ते म्हणाले. "कायद्याने या बेटावरचा प्रत्येक किनारा जनतेचा आहे. तुला तिथून कोणीही हुसकावू शकत नाही."

"मग मी जाऊ?"

"किनाऱ्यावर खुशाल जा. फक्त किनाऱ्याकडे जाऊ नकोस. रस्ता कंपनीचा आहे."

"होडीने गेलो तर?"

"समुद्र तुझाच आहे. पण खाडीच्या तोंडाशी त्यांनी पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी दोर बांधलाय."

"कोणापासून सुरक्षितता?"

"होडीने येणाऱ्यांपासून."

"मग साहेब, आत जातं तरी कोण?"

"जहाजाचे प्रवासी," साहेब म्हणाले आणि खुर्ची परत मागितली.

घरी येऊन मी हा निकाल सांगितला. व्हर्ना रडवेली झाली. तांतीने मात्र भाजलेला ब्रेडफ्रूट सोलता सोलता विचारले, "मग आपण होऊ की जहाजाचे प्रवासी. त्याला काय शिंगं लागतात?"

शिंगे लागत नव्हती, पण बाकी पुष्कळ काही लागत होते. दर बुधवारी आमच्या बेटावर येणारे ते पांढरे जहाज इथे प्रवासी उतरवते, चढवून घेत नाही. चढायचे तर मायामीला. म्हणजे आमच्या खाडीवर जाण्यासाठी आधी विमानाने मायामी, मग जहाजाने चार बेटे ओलांडून, उलट दिशेने, आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला. शिवाय सहा महिन्यांच्या आतले बाळ जहाजावर चालत नव्हते. तेवढा काळ व्हिसा मिळवण्यात सहज जाईल, असे तिकीटवाली बाई म्हणाली. ती जाणकार होती. ओदीलियाला दात आले, ती रांगू लागली, आणि एकदाचे आम्हाला मुलाखतीला बोलावणे आले.

"प्रवासाचा हेतू?" काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने विचारले.

"घरी जायचंय," तांती म्हणाली.

"आत्ता कुठून आलात?"

"घरून."

अधिकाऱ्याने चष्मा पुसला. "आमच्या देशातून तुम्ही परत घरी जाल याचा पुरावा काय?"

"अहो, जहाज बुधवारी आम्हाला घरीच नेणार आहे. पण ते मेले तिथे राहू देत नाहीत, संध्याकाळी परत तुमच्याकडेच आणून सोडतात. आता यात आमचा काय दोष?"

अधिकाऱ्याने बराच विचार केला आणि व्हिसा दिला. त्याला बहुधा जेवायला जायचे होते.

खरा पेच कंपनीने टाकला. त्यांचे पत्र आले, की आपल्या प्रवासातील एका थांब्यावर आपले घर, नातलग व शेळ्या असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब तिथे उतरून आपण घरी पळून जाण्याची दाट शक्यता आहे. तरी आपणांस घरी जाऊ देणार नाही अशी हमी देणारा, सेंट ऑरेलमध्ये राहणारा, जबाबदार व शक्यतो आमच्याच सेवेतला जामीन द्यावा.

कथबर्टने आनंदाने सही केली. "बहिणीसाठी एवढं नको का करायला?" तो म्हणाला. व्हर्नाने त्याला कोकोआ चहा आणि तेलात तळलेल्या दोन गरम बेक्स खाऊ घातल्या.

आणि मग, खरे सांगायचे तर, घराला क्रूझ चढली. तांतीने आपली गाय विकली आणि येताना भली मोठी गवती टोपी, गुलाबी काचांचा चष्मा आणि उन्हाने कातडी भाजू नये म्हणून लावायचे मलम घेऊन आली. ती सत्तर वर्षे याच उन्हात कोथिंबीर, कांदे आणि कसावा लावत आली होती. "ते शेतातलं ऊन," ती म्हणाली, "हे सुट्टीतलं. वेगळं असतं." फुलाफुलांचे शर्ट आले. तांती सरावही करू लागली. टोपी घालून अंगणात फिरायची आणि आमच्याच ब्रेडफ्रूटच्या झाडाचा फोटो काढायची. एकदा कपडे धूत बसलेल्या व्हर्नाकडे तिने कौतुकाने पाहिले आणि म्हणाली, "किती साधी माणसं! तरी बघा, चेहऱ्यावर केवढं समाधान!"

"तांती, उशांचे अभ्रे तुमचेच आहेत. या, पिळा," व्हर्ना म्हणाली.

"सुट्टीवर आहे गं मी."

निघायच्या दिवशी सगळे गाव पोचवायला आले. शेजारची मार्सेलीन आपल्या तान्ह्या नातवाला घेऊन आली होती. त्याचेही पाय कोरडेच होते आणि तिच्याकडे विकायला गाय नव्हती.

"फिलो, आम्हाला बाहेरगावचं काही नको," ती म्हणाली. "बुधवारी मी याला कुंपणापाशी आणते. तारेवरून तुझ्या हातात देईन. तुझ्या नातीबरोबर याचेही पाय तेवढे ओले कर."

"अगं, हे काय सांगणं झालं?" तांतीने तिला मिठी मारली. दोघी रडल्या. मलाही इतके भरून आले, की शर्ट नवा असूनही मी त्याने डोळे पुसले.

जहाजाविषयी मी काय सांगावे? पहिल्या दिवशी तांती रुसली होती, कारण न्याहारीला तिच्यासमोर खारा मासा आणि उकडलेली हिरवी केळी आली, त्यांवर पुदिन्याचे पान होते, आणि वाढणाऱ्याने तिला ती कशी खायची ते समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी पान नव्हते म्हणून ती रुसली. तिसऱ्या दिवशी तिने टॉवेल पुरेसा मऊ नसल्याचे सांगून बदलून घेतला. मी गरम पाण्याच्या हौदात बसून राहिलो. व्हर्ना रोज सकाळी जाहीर करायची, की आज मी बादलीला हात लावणार नाही, आणि जहाजावर बादली नव्हतीच, तरी प्रत्येक वेळी आम्ही टाळ्या वाजवायचो. बुधवारच्या आदल्या संध्याकाळी जहाजावर सेंट ऑरेलविषयी माहितीपर भाषण झाले. तिथले लोक हसतमुख व निवांत असून त्यांना घाई आवडत नाही, असे कळले.

तांतीने हात वर केला. "तिथलं पाणी पिण्यासारखं आहे का हो?"

"टाळलेलं बरं, मॅडम."

तांतीने माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

बुधवारी आम्ही आन्स गालेवर उतरलो. कथबर्ट पांढऱ्या गणवेशात उभा होता.

"नंदनवनात स्वागत आहे, मॅडम. पहिलीच भेट का?"

"हो," तांती म्हणाली. "पण वर्णन फार ऐकलंय."

काय ती वाळू! दाताळ्याने विंचरलेली. काय त्या आरामखुर्च्या! आम्ही लहानपणी इथे बुडाखाली झावळी घेऊन बसायचो, त्याची मला लाज वाटली. प्रत्येकाच्या हातात नारळ आला, नारळात नळी आणि नळीवर कागदी छत्री. वाजंत्री वाजू लागली. निखाऱ्यावर भाजलेला लॉबस्टर आला, लोण्यात निथळणारा, पाहिजे तितका, आणि मी तो माणसाने खावा त्याहून जास्त खाल्ला. व्हर्नाने केसांत मणी ओवून घेतले. ओदीलियाला चिमुकली टोपी, चिमुकला चष्मा आणि बदकाची चित्रे असलेले मोजे घालून कंपनीच्या छायाचित्रकाराने इतके फोटो काढले, की त्यातला एक पुढे माहितीपत्रकावर झळकला. मी रबरी टायरवर तरंगत होतो. माझ्या आयुष्यात मी इतका सुखी कधीच नव्हतो, आणि हे मला जगाला ओरडून सांगावेसे वाटत होते.

तेवढ्यात दुसरेच कोणीतरी ओरडले.

"फिलो! ए फिलो! आणलंय गं पोराला!"

कुंपणापाशी मार्सेलीन उभी होती. तिच्यामागे आणखी चार-पाच जणी, प्रत्येकीच्या काखेत एक पोर. मार्सेलीनने नातवाला तारेच्या वर उचलून धरले होते आणि तो पाय झाडत होता.

आसपासचे प्रवासी वळून बघू लागले. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने नारळ खाली ठेवला. "ओळखता तुम्ही यांना?" तिने तांतीला विचारले.

तांतीने गुलाबी चष्मा नाकावर सरळ केला. तिने कुंपणाकडे पाहिले, मग त्या बाईकडे, मग स्वतःच्या नारळाकडे.

"कथबर्ट," ती म्हणाली, "हे काय चाललंय? आम्ही इथे शांततेसाठी आलोय."

"माफ करा, मॅडम." कथबर्टने शिट्टी वाजवली आणि बायका पांगल्या. शेजारच्या बाईने सुचवले, की याची लेखी दखल घेतली गेली पाहिजे. हा तर माझाच विषय. मी टायरवरून उतरलो, कागद मागवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: 'ठिकाण अप्रतिम. मात्र स्थानिक लोकांचा उपद्रव होतो. त्यांची नजर पाहुण्यांपर्यंत पोचणार नाही असा बंदोबस्त व्हावा.' बाईने वाचून दाद दिली. तांतीने सही केली. भोंगा वाजला.

जहाज खाडीतून निघाले तेव्हा आम्ही कठड्याशी उभे होतो. आमच्या घराचे निळे छप्पर दिसत होते आणि अंगणात शेळी.

"किती सुंदर बेट!" तांतीने डोळे टिपले. "इथे राहणाऱ्यांना कदर नाही."

व्हर्नाने ओदीलियाला झोपवण्यासाठी तिचे मोजे काढायला घेतले. एक काढला. दुसरा काढला. मग तिने ते तांतीच्या हातात दिले.

मोजे कोरडे होते.

तांतीने ते पुन्हा पुन्हा चाचपले. मग टोपी काढली, चष्मा काढला आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. सुट्टीत काही कमी पडले का, असे विचारायला एक माणूस धावत आला.

ती तक्रार यथावकाश माझ्याच टेबलावर आली. पर्यटकाची तक्रार आम्ही लांबवत नाही. कुंपणाची उंची दुप्पट झाली, त्यावर पत्रे बसले आणि अख्खे कुंपण सरकवून आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवण्यात आले. मार्सेलीन आमच्याशी बोलत नाही. ओदीलिया आता धावते, आणि बाप्तिस्मा व लग्न एकदमच उरकू, असे फादर म्हणतात. तांती अंथरुणाला खिळून आहे, पण डोळे मिटायचे नाव काढत नाही. आम्ही दुसऱ्या क्रूझची तयारी करतो आहोत. जामीन कथबर्टच आहे.

तुम्ही आम्हाला हसाल. खुशाल हसा. पण वाळू, नारळ, वाजंत्री आणि लॉबस्टर चालू असताना तुम्हीही तिथेच होता, अगदी माझ्या शेजारच्या टायरवर. पोरीच्या पायांतले मोजे मी तुम्हाला दाखवलेही होते. तेव्हा आठवण का करून दिली नाहीत?