झोपताना पोट झाकून घ्या

मुख्याध्यापक मिनाकुची सर सोमवारच्या सभेसाठी मैदानातल्या चौथऱ्यावर चढले, की पहिल्या रांगेतली मुलं आपापल्या टोप्या घट्ट धरून उभी राहत. तिसऱ्या रांगेतला एक जण तर झेंड्याच्या खांबाला मिठीच मारी. वारं नसे. मुलं सरांच्या आवाजाची वाट पाहत असत.

सर माइकजवळ तोंड नेत आणि म्हणत, "सकाळचा गारवा वाढलाय. झोपताना पोट झाकून घ्या. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा." एवढं बोलून ते खाली उतरत. टोप्या सुटत. "आजपण काच फुटली नाही यार," असं कोणीतरी हळहळे, आणि उपमुख्याध्यापक सुगाया घड्याळाकडे बघत जांभई आवरत.

यात सरांचा काही दोष नव्हता. दोष कुसाकाचा होता. हा कुसाका वीस वर्षांपूर्वी याच शाळेत मागच्या बाकावर बसून उत्तरपत्रिकेच्या समासात राक्षस काढायचा. आता तो तेच राक्षस तोक्योच्या एका साप्ताहिकात काढत होता आणि देशभरची मुलं ते खाऊचे पैसे देऊन वाचत होती. त्याच्या 'मांगा' चित्रकथेचा नायक होता तेत्सुझान नावाचा मुख्याध्यापक. उंची आठ फूट. प्रवेशपरीक्षा म्हणून तो मुलांना कड्यावरून खाली फेकी. जो चढून वर येईल तो पास. त्यानं स्वतःचं नाव नुसतं उच्चारलं तरी शाळेच्या काचा फुटत आणि बंदरातली जहाजं दोरखंड तोडून निघून जात.

आता या तेत्सुझानचं टक्कल, पांढरी झुपकेदार मिशी आणि डाव्या भुवईवरचा तीळ, एवढा ऐवज मिनाकुची सरांचा होता. बाकीचा देह कुसाकानं कुठून पैदा केला कोण जाणे. सरांची स्वतःची उंची पाच फूट एक इंच, आणि आवाज असा की घरात चहा मागितला तर तिसऱ्या खेपेला बायकोला ऐकू जाई.

"अहो, मार्चमध्ये रिटायर होताय," यासुएबाई म्हणाल्या. "आता तरी त्याला तोंडावर सांगा. मिशी काढून टाक म्हणावं."

"कोणाची? माझी?"

"त्या राक्षसाची हो! तुमची काढलीत तर तुम्हाला घरात घेईल कोण?"

सरांना पटलं. पस्तीस वर्षं त्यांनी दर सोमवारी पोरांना चार कामाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्या कोणी ऐकल्या असतील असा पुरावा नव्हता. पण पूर्वी मुलं निदान नुसती ऐकत नसत. आता ती भलत्याच कशाची तरी वाट बघत ऐकत नसत. निवृत्त होण्याआधी एक तरी सोमवार असा यावा, की मुलांनी काचांकडे न बघता आपल्याकडे बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

गुरुवारी त्यांनी आयुष्यातली पहिली किरकोळ रजा टाकली, आपल्या चोशी गावच्या सेंबेईचा, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांचा, एक डबा घेतला आणि तोक्योची गाडी पकडली. वाटेत त्यांनी "कुसाका, मिशी बदल," हे वाक्य साठ वेळा घोकलं. शेजारची बाई दोन स्टेशनं आधीच उतरून गेली.

कुसाकाचं काम चाले ते एका नूडल्सच्या दुकानावरच्या खोलीत. सरांनी दारावर टकटक केलं न केलं तोच दार उघडलं. आत तीन दिवसांच्या दाढीचा, एकाच पायात मोजा असलेला एक तरुण उभा होता. साप्ताहिकाचा संपादक बान्दो. चित्रं हातात पडेपर्यंत चित्रकाराच्या दारात ठाण मांडून बसणं, ही त्याची नोकरी.

"आलात? केवढा उशीर, काका! चपला काढा, हात धुवा, कोरडे करा, बसा."

"मी कुसाकाला जरा—"

"ते झोपलेत. आत्ता पाच मिनिटांपूर्वी शेवटची रेघ मारली आणि टेबलाखाली कोसळले. दोन्ही मदतनीस तापानं फणफणलेत. तुम्ही हे खोडा." बान्दोनं सरांच्या हातात एक खोडरबर दिलं. "शाई राहिली पाहिजे, पेन्सिल गेली पाहिजे. कळलं?"

अंक छापायला जायच्या दिवशी या खोलीत जो येईल त्याच्या हाती खोडरबर येई. मागच्या अंकाच्या वेळी गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस तीन पानं खोडून गेला होता. मीटर बघायचं राहिलं.

सरांना 'नाही' म्हणायची सवय नव्हती. ते बसले.

"मी खाली दोन घास खाऊन येतो," बान्दो म्हणाला. "तासाभरात छापखान्याचा मोटरसायकलवाला येईल. नीट करा हं. सतराव्या नंबरावर घसरलोय. वाचक पसंतीची कार्डं पाठवतात, त्यांत या वेळी वर नाही आलो, तर दिवाळं! मालिका बंद."

सर स्वतःच्याच टकलावरची पेन्सिल खोडू लागले. हात शाळामास्तराचा, अर्धवट काम त्याला माहीत नव्हतं. टक्कल झालं, मिशी झाली. मग त्यांना दिसलं, की पात्रांच्या तोंडाजवळच्या फुग्यांतही कुसाकानं पेन्सिलीनं काहीबाही गिरगटून ठेवलं आहे. अक्षर तेच, वीस वर्षांपूर्वीचं. तेव्हाही ते वाचता येत नसे. त्याला काठावर पास केला होता तो त्याच कारणानं. सरांनी सगळे फुगे लख्ख करून टाकले आणि रबराचा चुरा एका कागदात गोळा करून त्याची पुडी बांधली.

बान्दो दात कोरत वर आला. पहिलं पान बघितलं. दुसरं बघितलं. तोंडातली काडी खाली पडली.

"काका... संवाद कुठायत?"

"कसले?"

"फुग्यातले! ते मी उतरवून घेणार, त्याची अक्षरं छापून येणार, ती वर चिकटवणार. पेन्सिलीतच असतात ते!"

"तुम्हीच म्हणालात, पेन्सिल गेली पाहिजे."

"काय लिहिलं होतं ते तरी आठवतंय?"

"वाचता आलं नाही," सर म्हणाले. "कधीच आलं नाही."

बान्दो टेबलाखाली शिरला. कुसाकाला हलवलं, चिमटे काढले, तोंडावर ओला टॉवेल ठेवला. कुसाका "वाटाणे नकोत" एवढंच म्हणाला आणि कूस बदलून घोरू लागला.

"संपलं," बान्दो जमिनीवर फतकल मारून म्हणाला. "यांनी आज सकाळीच गोष्ट बदलली. मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक नाही. आता मालिका बंद, आणि हे चालले चोशीला मासे वाळवायला."

सर गप्प राहिले. गप्प राहणं हा त्यांचा हातखंडा होता, आणि आज तर त्याचा फायदाही होता. मालिका बंद म्हणजे तेत्सुझान बंद. टोप्या सुटणार, खांब मोकळा होणार. मिशी बदलून घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात पडत होतं. ते पायात चपला सरकवायला उठले, आणि त्यांना टेबलाखालचा कुसाका दिसला. छत्तिसाव्या वर्षीही सदरा वर गेलेला आणि पोट सताड उघडं.

सरांनी आपला कोट काढला आणि त्याच्या पोटावर घातला.

"बान्दोसाहेब," ते म्हणाले, "मी मुख्याध्यापक आहे."

बान्दोनं मान वर केली. टक्कल बघितलं, मिशी बघितली, तीळ बघितला. हातातलं पान बघितलं. मग तो हळूच गुडघ्यांवर आला.

"तरीच म्हटलं, चेहरा पाहिल्यासारखा वाटतोय! मग सांगा ना, सर! हा बघा कडा. समोर तीनशे गुंड. अंगातला सदरा फाटून चिंध्या झाल्यात. अशा वेळी खरा मुख्याध्यापक काय बोलेल?"

सरांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. "सदरा फाटलाय म्हणता. कड्यावर वारंही असेल."

"सोसाट्याचं!"

"मग मी म्हणेन, सकाळचा गारवा वाढलाय. झोपताना पोट झाकून घ्या."

बान्दोची पेन्सिल हवेतच थांबली. "सर, पुढच्या पानावर हे ऐकून तीनशेच्या तीनशे गुंड उडून आडवे पडलेत. चित्र काढून झालंय."

"झाकून झोपत नसतील," सर सहानुभूतीनं म्हणाले.

"दुसरं काही?"

"रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा."

"कड्यावर?"

"तर मग खाली बघा."

खालून मोटरसायकलीचा भोंगा वाजला. बान्दोनं डोळे मिटले आणि लिहून घेतलं.

रात्री सर कोटाशिवाय, शिंकत घरी पोचले.

"सांगितलंत का?" यासुएबाईंनी विचारलं.

"वेळच मिळाला नाही. काम निघालं."

"आणि कोट?"

"तो झोपला होता," सर म्हणाले, आणि बाईंनी आल्याचा चहा टाकला.

पुढं वाचकांची कार्डं पोत्यांनी आली, तेत्सुझान तिसऱ्या नंबरावर चढला, आणि दर बुधवारी बान्दो चोशीला फोन करून "सर, या वेळी पाचशे गुंड आहेत, काय सांगू?" असं विचारू लागला. पण हे सगळं नंतरचं. अंक बाजारात आला त्या सोमवारी सकाळी सरांना एवढंच दिसलं, की मैदानाच्या कोपऱ्यात मुलं एका अंकाभोवती घोळका करून उभी आहेत, आणि आपल्याला पाहताच चिडीचूप होऊन रांगेत पळताहेत. आपण कुसाकाच्या पोटावर पाय आणला, असं सरांच्या मनानं घेतलं.

ते चौथऱ्यावर चढले. आज कोणी टोपी धरली नव्हती. खांबाला मिठी नव्हती. चारशे मुलं त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. सर बावरले, आणि बावरलेला माणूस जे तोंडात बसलेलं असतं तेच बोलतो.

"सकाळचा गारवा वाढलाय," ते माइकमध्ये पुटपुटले. "झोपताना पोट झाकून घ्या."

पहिली रांग उडून मागे पडली. तिच्या धक्क्यानं दुसरी, दुसरीच्या धक्क्यानं तिसरी. डोळ्याची पापणी लवायच्या आत चारशेच्या चारशे मुलं मैदानात उताणी झाली होती. धूळ खाली बसली. आणि मग कोणी न सांगता चारशे हातांनी चारशे सदरे खाली ओढून पोटं झाकून घेतली.

उभे होते फक्त शिक्षक. सुगायांची जांभई अर्ध्यावर अडकली होती.

मैदानात इतकी शांतता होती की समुद्र ऐकू येत होता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच सगळे सरांचं ऐकत होते. धुळीत पडल्यापडल्या, श्वास रोखून, पुढचं वाक्य कधी येतं याची वाट बघत. सरांनी माइक पुढं ओढला, घसा साफ केला, आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला सांगायचं होतं ते एवढंच होतं.

"उठा," ते म्हणाले. मुलं उठली. कपडे झटकून रांगेत उभी राहिली. पुन्हा टक लावून बघू लागली. आता काहीतरी बोलणं भागच होतं.

"आणि... रोज स्वच्छ रुमाल आणत जा."

चारशे मुलं पुन्हा कोसळली. या वेळी उपमुख्याध्यापक सुगायांनीही चष्मा काढून खिशात ठेवला, मागं कोणी नाही ना ते दोन्हीकडे बघून घेतलं, आणि ते शिस्तीत आडवे झाले.