बोटीच्या यादीतले पालशेतकर

"वहिनी, कुठल्या बोटीने आलात?"

बहरीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या नव्या फ्लॅटचं कुलूप अजून माझ्या हातातच होतं, तोवर खालच्या मजल्यावरच्या पालशेतकरांनी मला हे विचारलं. साल असेल अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी. मी म्हटलं, "अहो भाऊजी, विमानाने!" बिचाऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. "अरेरे! म्हणजे बोटीच्या यादीत तुम्ही नाहीच."

पालशेतकर गुहागरकडचे, बंदराजवळ एका बोट-एजंटाच्या ऑफिसात कारकून. ऑफिसच्या मागच्या खोलीत जुन्या बोटींच्या उतारूंच्या याद्या होत्या. शुक्रवारी सगळं बहरीन सुट्टी घेऊन लोळत पडायचं, आणि हे तोंडाला रुमाल बांधून त्या खोलीत शिरायचे. दुपारी धुळीने पांढरेफटक होऊन थेट आमच्याकडे चहाला.

"वहिनी, आज एक शिंपी उतरला. मशीन डोक्यावर घेऊन!"

उतरला म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी, बरं का! आमचे हे म्हणायचे, "स्क्रू ढिला आहे." मीही हसायचे. पण एकदा म्हणाले, "एक बाई चार पोरं घेऊन आली होती. आज परतीच्या यादीत सापडली. पोरं तीनच." त्यांचा चहा तसाच निवला. मला कालची भाजी आठवत नाही, आणि या माणसाला कुणाकुणाची मेलेली माणसं तोंडपाठ! खरं सांगते, मी थक्क झाले.

हा सगळा खटाटोप त्यांच्या आजोबांसाठी होता. ते मोत्यांच्या एका व्यापाऱ्याकडे आचारी म्हणून बहरीनला निघाले, ते परत दिसलेच नाहीत. मागे तान्हं मूल, म्हणजे पालशेतकरांचे वडील, आबा. "तिकडे दुसरं घर केलं असेल," असं गावाने ठरवून टाकलं, आणि आबा जन्मभर पळून गेलेल्या बापाचा पोरगा म्हणून वाढले. आता ते साठीचे, डोळ्यांनी अधू. "मला टाकून गेले का, एवढं बघ," असं त्यांनी मुलाला सांगितलं होतं. सहा वर्षं झाली, यादीत एकही पालशेतकर मिळेना.

एका शुक्रवारी मी दवाखान्यातून तणतणत आले. "बघा हो भाऊजी, तिथल्या कारकुनाने ह्यांच्या कार्डावर नुसतं 'वसंत नारायण' लिहिलं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, खलास! आडनाव मफी, नाहीच!"

पालशेतकरांनी कप खाली ठेवला. "वहिनी, मी गाढव आहे. ज्या नावाशेवटी 'कर' नाही, ते नाव मी वाचलंच नाही हो! आडनावाशिवाय आपला माणूस असतो, हे डोक्यातच आलं नाही." आणि चपला न घालताच पळाले.

दोन शुक्रवार आले नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी आले ते रुमाल हातात घेऊन. धोंडू सखाराम, आचारी: आजोबांचं नाव, पुढे त्यांच्या वडिलांचं. एकदा उतरल्याची नोंद. तीन वर्षांनी मुंबईला जाणाऱ्या बोटीच्या यादीत तेच नाव, आणि पुढे लाल शाईत शेरा: वाटेत तापाने मयत, समुद्रात विसर्जन.

ह्यांनी मान खाली घातली.

आबांना पत्र वाचता येत नव्हतं, म्हणून पालशेतकर आमच्या टेपरेकॉर्डरसमोर बसले. मी कॅसेट लावली. एवढा बडबड्या माणूस, पण दोनच वाक्यं बोलला.

"आबा, आजोबांनी तुम्हाला टाकलं नव्हतं. ते घरी यायला निघाले होते."

मग गप्प. झालं असं समजून मी बटण दाबायला हात पुढे केला. त्यांनी हातानेच मला थांबवलं आणि माझ्या कानाशी अगदी हळू बोलले.

"चालू राहू दे वहिनी. आबांना रडायला वेळ लागेल. तोवर मी इथे आहे, हे त्यांना कळू दे."