अक्कांची आयटिनरी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सिंधूअक्कांना इंग्रजी येत नाही. फक्त प्रवासाचं तेवढं येतं. मोलकरणीनं दांडी मारली की त्या जिन्यातून ओरडतात, "आज पण नो-शो!" जिना चढताना मधल्या पायरीवर टेकतात. "स्वल्प लेओव्हर." हळदीकुंकवाला बोलावलं तर, "टेंटेटिव्ह धर. कन्फर्म मागनं सांगते."

इथं कानडी मुलखात, चामराजपेटेत त्यांचं घराणं कैक पिढ्यांचं. मी लग्न होऊन निपाणीहून आलेली. नवी असताना त्या म्हणाल्या, "माझी आयटिनरी आली गं, बघायला ये." मला वाटलं, मारतहळ्ळीच्या कुठल्या कंपनीतली आयटीवाली नारी भाडेकरू म्हणून आली असेल. तिच्यासाठी चहा घेऊन गेले, तर अक्कांच्या हातात नुसता टूरचा कागद. दिवस पहिला, क्वालालंपूर.

अक्का पोट धरधरून हसल्या. मला कुठलं हसू येतंय! क्वालालंपूर! आमच्या ह्यांची झेप ह्याच शहरातल्या येलहंक्याच्या नणंदेपर्यंत, तीही दिवाळीत. मी जळले, सरळ सांगते. अजून जळते. दर वर्षी ही बाई पासपोर्ट पदरानं पुसून माझ्यासमोर पानं उलटते. "हा सिंगापूरचा शिक्का. ही बघ, मल्टिपल एंट्री." माझाही पासपोर्ट आहे, हौसेनं काढलेला. कपाटात साड्यांखाली कोरा पडलाय.

त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. ना कुणाचा डबा, ना कुणाची परवानगी. मला त्याचाही हेवा वाटायचा.

परवा व्हिएतनामच्या टूरसाठी त्या मला एजंटकडे घेऊन गेल्या. मला जळवायलाच, दुसरं काय! एजंटबाई कानडीत म्हणाली, "अक्का, तुमच्या खोलीत ज्या राहणार होत्या त्यांनी कॅन्सल केलं. आता अख्खी खोली तुम्हाला एकटीला, त्याच पैशात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नशीबसुद्धा हिचंच! अक्कांचा चेहरा मात्र उतरला.

"मला ट्विन शेअरिंग पायजे," त्या म्हणाल्या. "दुसरी कोण नसली तर माझं पण कॅन्सल करा."

"अहो अक्का, वेड लागलंय का? अख्खी खोली मिळतेय!" मी म्हणाले.

त्या पासपोर्ट पिशवीत घालत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दिवा मालवल्यावर पलीकडच्या पलंगावरनं कोणतरी विचारतं गं, झोप लागली काय म्हणून. त्याच्यासाठी तर जाते मी. एकटी झोपायला माझं घर आहे की."

मी त्यांच्या पिशवीची चेन लावून दिली.

"तुझे हे घोरतात, ते खाली माझ्या खोलीत ऐकू येतं," अक्का म्हणाल्या. "तुला काय कळणार? तुझं रोजचंच ट्विन शेअरिंग."

त्यांच्या आवाजात हेवा होता. तो मला चांगला ओळखू येतो.