रहाटास निरोप दिल्याची हकीकत

श्री. झिजल्या वस्तूंचा आणि दमल्या हातांचा जो सांभाळ करितो, त्या गजाननास वंदन करोन लिहितो ऐसे जे, शके १६५० कीलकनाम संवत्सरी आश्विनमासी एका डोंगरी राज्यात गडाच्या विहिरीवरील रहाट उतरविला, त्याचे वर्तमान येणेप्रमाणे.

हा रहाट सटवाजी सुतार याणी ऐन जवानीत स्वहस्ते घडविला, आणि सगुणाबाई लग्न होवोन गडावर आली तेच साली तो फिरता जाहला, आणि तेव्हापासोन अवघा गड त्याचे पाणी प्याला. त्या राज्याची चाल ऐसी की, खंडेनवमीस अवजारे पूजेस मांडावी आणि हिशेब पाहणारे मजमदार नारो मल्हार याणी एकेकापुढे उभे राहोन निवाडा सांगावा. वस्तू घडविण्याचा खर्च आणि आजवरची डागडुजी एकत्र करोन सालांत वाटावी, ती सरासरी. आणि येत्या सालची डागडुजी त्या सरासरीहून जड होईलसे दिसले, म्हणजे जुन्यापुढे निरोपाचा विडा ठेवावा. आधी ठेविला तर उधळेपणा आणि मागाहून ठेविला तर वेडेपणा. परंतु डागडुजीत कोठीतले लाकूड-लोखंड तेवढे धरीत, राखणाऱ्याचे हात धरीत नसत. कां की आपल्या वस्तूची सेवा ती सेवाच, तिचा हिशेब कसला, ऐसे सर्वांस वाटे. सटवाजींस तर फारच वाटे.

मग रहाट म्हातारा जाहला, कण्यास चीर गेली, दाते झिजले. आणि सटवाजी कोठीत नवे लाकूड मागेनात. जुन्याच तुकड्यास पाचर मारावी, काथ्या आवळावा, तेल चोळावे, आणि पहाटेपासोन दिवेलागणीपर्यंत तेथेच रमावे. त्यामुळे हिशेबी रहाट तरणाबांड दिसे आणि दर नवमीस नारो मल्हार म्हणत, "यंदाही राहू द्यावा," आणि सटवाजींचे मुख फुलोन येई. घरी सगुणाबाई एकली, लेकी दूर गावी नांदत होत्या. रहाट उतरला त्या साली भाद्रपदी तिला ताप भरला, घशास कोरड पडली आणि उठवेना, आणि संध्याकाळी सटवाजी आले ते हाताचे तेल पुसत म्हणाले, "आज लई झ्याक फिरला गं." ती बिचारी भिंतीकडे तोंड करोन निजली.

मग नवमी आली. राज्याच्या धनीण खासा बाईसाहेब पूजेस आल्या, आणि नारो मल्हारांनी रहाटापुढे नेहमीचा निवाडा सांगितला, आणि बाईसाहेब संतोष पावोन सगुणाबाईची ओटी भरोन म्हणाल्या, "तुझ्या घरधन्याने गडास पाणी पाजिले. काय हवे ते माग."

ती म्हणाली, "माझा घरधनीच द्या, बाईसाहेब. ह्या लाकडाच्या सवतीनं माझा संसार खाल्ला."

मंडळी खो खो हसली. ती म्हणाली, "हसू नका. तापात पडले व्हते, तवा तांब्याभर पाणी द्यायला कुणी नव्हतं."

मग कोणी हसले नाही. सटवाजी म्हणाले, "मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी पुसलं कवा?"

बाईसाहेबांनी मजमदारांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "यांचे दिवस हिशेबी कोठे धरिले?" नारो मल्हार सच्चे गृहस्थ, म्हणाले, "धरण्याची चाल नाही." "आजपासोन धरा." मग त्यांनी तेथेच मांडी घालोन हिशेब केला, पुन्हा केला, आणि खालच्या आवाजात बोलिले, "साहेब, हा रहाट कित्येक साले आधीच उतरावयाचा होता. आम्ही चुकलो."

सटवाजींनी रहाटाचा दांडा धरिला आणि म्हणाले, "मी हाय तोवर तरी राहू द्या." बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही आहां तोवरच उतरवावा, बाबा. हुकूम करीत नाही. विडा तुम्हीच ठेवा, अगर ठेवू नका." सटवाजींनी रहाटाकडे पाहिले आणि मग सगुणाबाईकडे पाहिले, आणि तिच्या मनगटावरची कांकणे कोपरापर्यंत सैल जाहली होती हे त्यांस आज दिसले, आणि त्यांस आपली फार लाज वाटली. त्यांनी कण्यास अखेरचे तेल लाविले, विडा ठेविला, आणि लहान मुलागत रडले. सगुणाबाई पदराने त्यांचे डोळे पुसत उभी राहिली, कां की तिलाही त्या रहाटाची माया होतीच.

मग नवा रहाट उभा होईतो बैलांची मोट लाविली, आणि दसऱ्याचे दुसरे दिवशी सटवाजी घरीच राहिले. दोन प्रहरी सगुणाबाईने भाकरी भाजोन कांद्यासह फडक्यात बांधिली आणि रोजच्या सवयीने विहिरीवर धाडावी म्हणोन उंबऱ्यापाशी आली, तो सटवाजी तेथेच बसलेले. ते म्हणाले, "ही कुणाला गं?"

तिने हातातल्या फडक्याकडे पाहिले. मग हसली, आणि हसता हसता डोळे भरले, आणि तिने तेथेच बसोन गाठ सोडिली.

येणेप्रमाणे रहाट उतरला आणि राखणाऱ्याचे हात हिशेबी आले. पुढे उभयतांस थोडकीच वर्षे लाभली, ती एकत्र गेली. ऐकिले तैसे लिहिले. लेखनसीमा.