हरलेल्या मशीनचे वकील

प्रिय ईशा आणि निहार,

मागच्या रविवारी फोनवर ईशाने विचारलं, "आजी, आजोबांचा आवाज कसा होता गं?" तिचं लग्न ठरलंय, त्या बोलण्यातून निघालं असेल. मी म्हटलं, "जाड होता," आणि पुढे मला काही सांगताच येईना. तुम्ही दोघं जन्मायच्या आधी ते गेले. त्यांचे फोटो आहेत, स्वेटर आहे, पुस्तकांवर सह्या आहेत. आवाज कुठेच नव्हता. निदान मंगळवारपर्यंत माझी तशी समजूत होती.

मंगळवारी काय झालं ते सांगायचं तर आधी शेजारच्या वकीलकाकांबद्दल लिहायला हवं. अमरावतीला आलात की गेटपाशी त्यांना 'नमस्ते' म्हणता, तेवढीच तुमची ओळख.

वकीलकाका म्हणजे बाबाराव. मूळचे दर्यापूरकडचे, घरची काळी जमीन, वकिली इथल्या कोर्टात. लग्न केलं नाही. त्यांची एकच गोष्ट सांगायची झाली तर ही : बाजारात दोन वस्तूंची लढाई लागली, की त्यातली जी हरणार ती ते विकत घेतात. चुकून नव्हे, विचारून घेतात.

पहिली खरेदी माझ्यासमोर झाली. त्या काळी व्हिडिओ म्हणजे अपूर्वाई. एरवी रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ एका दिवसापुरते भाड्याने आणायचे आणि अख्ख्या कॉलनीने सतरंजीवर बसून लागोपाठ सिनेमे बघायचे. स्वतःचा घ्यायचा तर दोन जाती होत्या, व्हीएचएस आणि बीटा. एकीची कॅसेट दुसरीत जात नसे. म्हणजे एकदा चुकलात की कायमचे चुकलात. आजोबा आणि मी राजकमल चौकातल्या दुकानात या काळजीत उभे होतो आणि सल्ल्याला म्हणून वकीलकाकांना नेलं होतं.

त्यांनी दुकानदाराला सरळ उलटतपासणीला घेतलं. "यातली कोनती हारून राहिली?"

"साहेब, खरं सांगू? ही बीटा. चित्र हिचं जास्त साफ. पण कॅसेट लहान पडते, व्हिडिओ लायब्ररीवाले ठेवत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक नाही."

"म्हंजे गुन्हा काई नाही, फक्त गर्दी इरोधात आहे. बांधा."

"अहो वकीलसाहेब!" आजोबा म्हणाले.

"सर, जिंकनाऱ्याले वकील कायले लागते? हारनाऱ्याची बाजू कोन घेईन मंग?" आजोबांना ते सरच म्हणायचे.

आम्ही व्हीएचएस घेतली. कॉलनीतल्या सगळ्यांनी व्हीएचएस घेतली. वर्षभरात लायब्ररीने उरलेल्या बीटा कॅसेटी काढून टाकल्या, त्या वकीलकाकांनी पोत्यात भरून रिक्षाने घरी आणल्या. त्यात निम्मे सिनेमे दाक्षिणात्य होते. एक शब्द न कळता त्यांनी ते सगळे पाहिले. "मारामारीले भाषा कायले पायजे, वैनी?"

पुढे हे इतकं पक्कं झालं की लोक काही घेण्याआधी त्यांना विचारायला यायचे आणि घरी जाताना नेमकं दुसरं घेऊन जायचे. खूप वर्षांनी तबकड्यांची लढाई लागली, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. तेव्हा तोच दुकानदार, आता केस पांढरे झालेला, हात जोडून त्यांच्या घरी आला. "साहेब, तुम्ही कोणती घेता ते आधी सांगा. मी दुसरी मागवतो." काकांना राग नाही आला. त्यांनी त्याला बसवलं, कचोरी खाऊ घातली आणि आपली पसंती सांगितली. त्याचा धंदा वाचला. काकांची एचडी डीव्हीडी अजून दिवाणखान्यात आहे, तिच्यावर फुलदाणी असते.

आता तुमच्या आईच्या लग्नाकडे येते.

लग्न इथे अमरावतीला झालं, वऱ्हाड अकोल्याचं. आम्ही रीतसर व्हिडिओवाला ठरवला होता. तो नवरीसमोर दिवा धरून उलटा चालायचा. वकीलकाका स्वतःचा बीटाचा कॅमेरा घेऊन आले. तो खांद्यावर तोफेसारखा बसायचा, आणि त्यात फक्त टिपता यायचं, बघता यायचं नाही. बघायला घरची मशीन. दिवसभर ते मांडवात कमी आणि मागच्या अंगणात जास्त दिसले. मी विचारलं, "काका, नवरी तिकडे आहे."

"नवरी जिंकली, वैनी. तिचं कोनीबी काढते."

व्हिडिओवाल्याची कॅसेट सुंदर झाली आणि तिथेच घात झाला. व्हीएचएस घरोघरी असल्यामुळे जो तो मागायला लागला. ती अकोल्यात फिरली, तिथून तुमच्या बाबांच्या मावशीकडे बाळापूरला गेली. कित्येक महिन्यांनी परत आली. आम्ही हौसेने लावली. मंगलाष्टकं सुरू झाली, भटजींनी 'शुभमंगल' म्हटलं, 'सावधान' म्हणायच्या आत पडद्यावर एक गोलंदाज धावत आला. उरलेलं सगळं क्रिकेट. मावशींकडे कोरी कॅसेट मिळाली नव्हती आणि मॅच महत्त्वाची होती. आपण जिंकलोही होतो, असं त्यांनी कळवलं.

मी वकीलकाकांना विचारलं, "तुम्ही काढलं होतं ना?"

"त्यात काई आलं नाही, वैनी," ते म्हणाले. मी विश्वास ठेवला. हरणाऱ्या मशीनकडून अपेक्षा तरी काय करायची? मग काही वर्षांनी आजोबा गेले.

ईशाच्या फोननंतर सोमवारी मी कुंपणापाशी सहज बोलून गेले, "काका, पोरीने यांचा आवाज विचारला आणि मला सांगता येईना." ते कण्हेरीची पानं तोडत उभे राहिले. मंगळवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात हजर.

"वैनी, एक कायद्याचा मुद्दा आहे. अशिलानं सांगतलं का हे कोनाले दाखवू नका, तं वकिलाले दाखवता येत नाही. पन अशील गेला, तं वारस परवानगी देऊ शकते का नाही?"

"कोण अशील? काय दाखवायचं?"

"सर. थे कॅसेट. तुमी अन् माधवी वारस. तिले फोन लावा."

मी तुमच्या आईला उठवलं. ती अर्धवट झोपेत "हो, हो, परवानगी" म्हणाली. "तोंडी चालते," काका म्हणाले, आणि मला घेऊन त्यांच्या घरी गेले.

कॅसेट लोखंडी कपाटात होती, ज्वारीत घालतात तशा कडुलिंबाच्या पाल्यात. बुरशी लागू नये म्हणून. मशीन जिवंत ठेवायला त्यांनी लोकांनी भंगारात काढलेल्या बीटा गोळा करून त्यांचे रबरी पट्टे हिच्या पोटात घातले होते. दरवर्षी खंडेनवमीला सगळे शस्त्रं पूजतात, हे मशीनची पूजा करायचे आणि ही एक कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवायचे, फीत चिकटू नये म्हणून.

"म्हणजे दरवर्षी बघत होतात?"

"टीव्ही बंद ठेवून, वैनी. सरांनी सांगतलं होतं नं."

माझ्या लक्षात आलं, की या फितीवर काही उरलंय की नाही हे त्यांनाही माहीत नाही. त्यांचं बोट बटणावर होतं आणि ते दाबत नव्हते. मी दाबलं.

पडद्यावर मुंग्या. बराच वेळ नुसत्या मुंग्या. काका पुटपुटले, "हारली वाटते." मी पदर घट्ट धरून बसले होते.

मग आधी आवाज आला, पातेली घासण्याचा. मग चित्र थरथरलं, सरळ झालं आणि उभं राहिलं. मागचं अंगण. आचाऱ्याच्या चुली विझलेल्या. उपड्या घातलेल्या घंगाळावर तुमचे आजोबा बसलेले, टोपी गुडघ्यावर, डोळे लाल. वरात अकोल्याला निघून गेली होती.

"बाबाराव, बंद करा ते," ते म्हणाले. "आणि हे कोणाला दाखवू नका हो."

ईशा, मी तुला चुकीचं सांगितलं. आवाज जाड नाही. थोडा बसका आहे, थोडा नाकातला. वाक्याच्या शेवटी 'हो' म्हणतात.

कॅमेरा बंद झाला नाही. आजोबांनी नाक पुसलं आणि विचारलं, "गाडी मूर्तिजापूरला पोचली असेल का हो?"

"पोचली असन नं, सर. बिनघोर राहा." हा आवाज कॅमेऱ्यामागून. मग बाजूने एक हात आला आणि बुंदीचा लाडू पुढे केला. "आता तरी तोंडात घाला. कन्यादान झालं, उपास सुटला तुमचा."

आजोबांनी लाडू फोडला आणि अर्धा त्या हाताला परत दिला. "तुम्हीही घ्या. तुम्हीही सकाळपासून उपाशी आहात, मला माहीत आहे."

तिथे फीत संपली. मी काकांकडे पाहिलं. कन्यादानाचा उपास मुलीच्या आईवडिलांनी करायचा असतो. तो दिवसभर मी केला होता, आजोबांनी केला होता. तिसरं कोणी उपाशी आहे हे मला कधी कळलंच नाही.

"काका, तुम्ही कशाला उपाशी होतात?"

ते मशीनवरची नसलेली धूळ पुसत होते. "काहून?" ते म्हणाले. "माही पोरगी नव्हती काय थे?"

मग त्यांनी फीत मागे नेली आणि आम्ही पुन्हा पाहिली, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी ते हसायला लागले. "पाहा वैनी, तुमची जिंकलेली पार्टी बाळापूरले जाऊन क्रिकेट खेळली. माही कॅसेट कोन मागाले येनार? मशीनच नाही कोनाजवळ!"

स्टुडिओवाल्याने दुपारी येऊन वायर लावून त्याची प्रत पेन ड्राइव्हवर काढून दिली. काकांनी ती बोटांत धरून संशयाने पाहिली. "हे कोनासंग लढून राहिली?" कोणाशीही नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

प्रत या पत्रासोबत आहे. ईशा, लग्नाचं निमंत्रण काकांना स्वतः फोन करून दे. उपास धरू का, असं ते मला आतापासून विचारतात. मी हो म्हटलं आहे.

मूळ कॅसेट कडुलिंबात परत ठेवली आहे. मशीन चालते. तुमच्या आजोबांचा आवाज आहे, आणि वकीलकाकाही आहेत.

तुमची,
आजी