चोवीस घरांचं एकमत

नागरिकशास्त्र शाळेत शिकवायलाच हवं, आणि ते माझ्याइतकं कोणाला कळतं हो! वीस वर्षांत एकदाही मतदान चुकवलेलं नाही मी. म्हणून शाळेने लेकीला काम दिलं, 'हा तास ठेवावा की काढावा, शेजाऱ्यांची मतं लिहून आणा', तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "सोड! हे बाबांचं काम!"

चोवीस घरं, चार जिने आणि माझे गुडघे! चहा संपेपर्यंत बसल्या जागी चोवीस कागद भरले. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांच्या नावाने तर डाव्या हाताने लिहिलं, 'नागरिकशास्त्र म्हणजे माझा श्वास!'

"अहो, विचारलंत तरी का कोणाला?" बायको म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? सगळ्यांचं हेच मत असणार!"

झालं! कागद वाचून शाळेतल्या बाई इतक्या खूश झाल्या, की पालकसभेत त्यांनी शिंपीकाकांनाच बोलायला बोलावलं. काका उठले.

"मी म्हणतो, तो तास काढा! शिवण शिकवा. पोरांना साधं बटण लावता येत नाही."

बाईंनी गोंधळून कागद वाचून दाखवला.

"श्वास? अहो, मला दमा आहे!"

सभा खो-खो हसली. लेक हसली नाही. अहवाल तीच वाचणार होती, आठवडाभर आरशासमोर तयारी चालली होती. तिने कागद मिटला. "बाई, हे खरं नाही. मला दोन दिवस द्या." माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन संध्याकाळी ती एकटी जिने चढली. अकरा घरं म्हणाली ठेवा, नऊ म्हणाली काढा. तिघांनी उलट तिलाच विचारलं, "तुला काय वाटतं गं?" ठेवा म्हणणाऱ्यांत शिंपीकाकाही होते! म्हणाले, "माझं मत विचारायला आजवर कोणी दारात आलं नव्हतं."

शेवटी आमचीच बेल वाजली. लेक उंबऱ्याबाहेर उभी, हातात कागद.

"चोविसावं घर. तुमचं मत? आणि बाबा, एकदाच सांगायचं!"

मी मान खाली घालून म्हणालो, "ठेवा."

ती लिहिणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको कडाडली, "घराचं मत म्हणे! मला विचारलंत का?"