तुळशीचा कॅमेरा

आमच्या तालुक्यात लग्नाचा अल्बम घरी आला की त्यात ज्यांचा चेहरा नाही, ती घरची आणि भावकीतली माणसं त्याच दिवशी दिवेलागणीला नाहीशी होतात. त्यामुळे फोटोग्राफरवर किती खर्च करायचा हा आमच्याकडे हौसेचा प्रश्न नाही.

धरले जातात ते फक्त मंगलाष्टकं चालू असतानाचे फोटो. हळदीचे, पंगतीचे, आहेराचे कितीही काढा, ते नुसते बघायला. डोळे मिटलेले आले तर माणूस राहतं, पण पेंगत राहतं. शेजारच्या सुतारांच्या काकांचा अर्धाच चेहरा आला होता. ते आता दिवसाआड असतात. दळण आणायचं काम त्यांच्याकडे आहे, तेवढं वार बघून सांगावं लागतं.

मी मुळात भित्रा माणूस. पंचायत समितीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, ती एखादा कागद गहाळ होईल या धास्तीतच. रेवतीचं, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा पेढा तोंडात जायच्या आधी मला घाम फुटला.

मी आणि माझी बायको शालन, दोघं कुंभोजकर फोटोवाल्यांकडे गेलो. त्यांनी दर सांगितले. स्टेजचा कॅमेरा पस्तीस हजार, त्यात नवरा-नवरी, मुलीचा बाप, मामा आणि जवळ उभे असलेले येतात. मांडवाचा आणखी पंचवीस, त्यात बसलेली भावकी येते.

"आणि तुळशीचा बावीस," ते म्हणाले.

मुलीच्या आईनं लेकीचं लग्न बघायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. आत मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा ती मांडवाबाहेर तुळशीपाशी बसून पाण्याची धार धरते. तिथे वेगळा माणूस आणि वेगळा कॅमेरा लागतो. तो सगळ्यांना झेपत नाही, म्हणून आमच्या गावच्या जावयांना सासरे असतात, सासवा क्वचित.

माझ्याजवळ साठ हजार होते. त्यात स्टेजबरोबर मांडव बसत होता, नाहीतर तुळस बसत होती. दोन्ही बसत नव्हतं.

"काही कमी-जास्त होईल का?" मी विचारलं.

"साहेब, माणसांचा प्रश्न आहे. त्यात घासाघीस बरी दिसत नाही."

"मग तुळसच मांडवात आणून ठेवली तर?"

"दोन घरांनी करून बघितलंय," कुंभोजकर शांतपणे म्हणाले. "कुंडी राहिली."

त्या संध्याकाळी माझे थोरले भाऊ, तात्या, घरी आले. "आम्ही भावकी छत्तीसजण आहोत. तू काय ते ठरव, आमचं काही म्हणणं नाही," असं म्हणाले आणि दोन तास उठले नाहीत. एरवी मानपानावरून फोटोच्या वेळी रुसून बसणारा हा माणूस, पण त्या दिवशी चहाला साखर कमी पडली तरी बोलला नाही.

ते गेल्यावर शालन म्हणाली, "मांडवाचाच घ्या."

"अगं, काय बोलतेस?"

"छत्तीस माणसं हायत तिकडं. तात्यांच्या धाकट्या सुनेला सातवा महिना आहे, म्हणजे सदतीस धरा. इकडं मी एकटी."

"मी तुळशीचा घेणार."

"घ्या की. आणि मग त्यांच्या बंद घरांवरनं मी बाजाराला कशी जाऊ, ते पण सांगा."

मला तिचा भयंकर राग आला. खरं तर तो राग नव्हताच. तिच्याशिवाय या घरात सकाळी उठायची ती भीती होती आणि मला ती बोलून दाखवता येत नव्हती. मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी जाऊन मांडवाचे पैसे भरले.

पावती फाडताना कुंभोजकर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "स्टेजकडं जाता जाता मी तुळशीपाशी एक फोटो काढतो. त्याचे पैसे नकोत. पण एकच. मी 'ताई' म्हणेन, तेव्हा वहिनींनी वर बघायला पाहिजे. मला थांबता यायचं नाही, तिकडं अक्षता सुरू असतात."

मी शालनला हे आठ दिवस घोकवून घेतलं. ताई म्हटलं की वर. ती भाजी निवडत असताना मी मध्येच "ताई!" म्हणायचो आणि ती वर बघायची. कधी हसायची, कधी वैतागायची.

लग्न लागलं. मी स्टेजवर होतो. मान ताठ, डोळे उघडे. अक्षता संपल्याबरोबर तुळशीकडे धावलो.

"बघितलंस ना वर?"

शालनच्या हातात रिकामा तांब्या होता. "ते ताई म्हणाले खरं," ती म्हणाली, "पण त्याच वेळी भटजींनी आत रेवतीचं नाव घेतलं. माझी मान मांडवाकडं वळली. किती वळली, ते काय मला आठवत नाही."

कुंभोजकरांना विचारून उपयोग नव्हता. अल्बम घरी जाईपर्यंत कोण आहे, कोण नाही हे सांगायचं नाही, असा त्यांच्या संघटनेचा नियम आहे. पूर्वी एकाने सांगितलं होतं, त्याचं दुकान जाळलं.

महिन्याभरात अल्बम तयार झाल्याचा फोन आला. मी गेलो नाही. पाच महिने गेलो नाही. कधी पाय मुरगळला, कधी दुकान बंद होतं, कधी मी फोन उचललाच नाही. तात्या रस्त्यात अडवून विचारायचे, "आमचे चेहरे बघायला मिळणार की नाही?" त्यांच्या सुनेला मुलगा झाला होता. रोज दिवेलागणीला मी कुठेही असलो तरी घरी यायचो आणि स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला की चप्पल काढायचो.

मग एका बुधवारी दुपारी शालन स्वतः रिक्षाने जाऊन अल्बम घेऊन आली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला सांगता येणार नाही. दारातच तिचा हात धरला, पण तोवर तिनं उंबरठा ओलांडला होता.

"अहो, ओरडताय काय?" ती म्हणाली. "तुम्ही होता तिथं. तात्या होते. सगळ्या गावानं माझ्या पोरीचं लग्न बघितलं. मी तेवढं बघितलेलं नाही."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि खिडकीपाशी बसून अल्बम मांडीवर घेतला. एकेक पान दहा दहा मिनिटं. मला धीर नव्हता. मी तिच्या खांद्यावरून वाकून सरळ शेवटचं पान उघडलं. तिथे तुळस होती, तांब्या होता, पाण्याची धार होती. शालनचा पदर, एक कान, गालाची कड आणि नाकाचा शेंडा. एवढं किती धरतात, ते मला माहीत नाही.

तिनं त्या पानाकडे बघितलंसुद्धा नाही. माझा हात बाजूला करून ती परत आपल्या पानावर गेली.

समोरच्या दुकानातला दिवा लागला. मी तिचं मनगट घट्ट धरून शेजारी बसलो होतो.

"बघा की हो," ती म्हणाली. "अक्षता पडताना रेवती हसत होती. मला वाटलं होतं, रडत असेल."